पाण्याचं विरजण

माशांची टाकी घरी आणली, त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवून मी हॉलमध्ये आले, तर टाकीतलं पाणी पांढरट झालेलं. दुधाचं पातेलं विसळल्यावर पहिलं पाणी जसं दिसतं, अगदी तसं. मागच्या काचेवर चिकटवलेलं निळं चित्र दिसेना. काळी मॉली पुढच्या काचेजवळ आली की तेवढी दिसायची, आणि वळून मागे गेली की त्या पांढऱ्यात विरून जायची. लेक अजून झोपली होती. टाकी तिच्या दहाव्या वाढदिवसाची. ती उठायच्या आत हे स्वच्छ करून टाकावं, एवढंच तेव्हा मनात आलं.

आणि मी केलंही. मासे बादलीत काढले. पाणी मगाने उपसलं. खडी परातीत घेऊन नळाखाली तांदूळ धुवावेत तशी चोळून चोळून धुतली. फिल्टरचा स्पंज नळाच्या धारेखाली धरून, पिळून, त्यातून अगदी नितळ पाणी येईपर्यंत धुतला. काच वर्तमानपत्राने पुसली आणि नळाला पाइप लावून टाकी पुन्हा भरली. दोन तास गेले, पण टाकी दुकानात होती तशी लख्ख झाली. लेक उठली, तिने काचेला नाक लावलं, आणि मला फार बरं वाटलं.

दोन दिवसांनी पुन्हा तेच पांढरं पाणी.

बारा दिवसांत मी ती टाकी चार वेळा धुतली. मध्ये दुकानात जाऊन आले, तर तिथल्या मुलाने एक छोटी बाटली दिली, पाणी क्लिअर होईल म्हणाला. झालंही, एक दिवस. आणलेल्या आठ माशांपैकी दोन्ही एंजल पहिल्या आठवड्यातच गेले. मग एक मॉली. मग एक गोल्डफिश. तो जायच्या आधी रात्रभर पाण्याच्या पृष्ठभागापाशी तोंड वर करून राहिला होता, आणि मी समजले त्याला भूक लागली आहे. मी त्याला खायला घातलं. हे आठवलं की अजून पोटात तुटतं. लेकीने चौघांनाही सोसायटीच्या बागेत कण्हेरीखाली पुरलं, आणि त्यानंतर ती शाळेला निघताना हॉलमधून न जाता स्वयंपाकघराच्या बाजूने जायला लागली.

माझे सासरे, अण्णा, त्याच सुमारास मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आमच्याकडे आले. कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रावर त्यांची एकतीस वर्षं नोकरी झाली. गावात त्याला जलशुद्धीकरण केंद्र कुणी म्हणत नाही, फिल्टर हाऊसच म्हणतात, आणि अण्णाही सगळ्यांना 'फिल्टर हाऊसचे अण्णा'. २००५ च्या महापुरात ते चार दिवस घरी आले नव्हते, हे सासूबाई शेवटपर्यंत सांगत असत; तक्रार म्हणून सुरुवात करायच्या आणि अभिमानावर यायच्या.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावा दीड महिन्याने करायचा ठरला. डोळ्यात दिवसातून सहा वेळा थेंब, काळा चष्मा, आणि पाण्याचा एक शिंतोडाही डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. वाचायला बंदी, टीव्ही थोडाच. तिसऱ्या दिवशी अण्णा खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. काळा चष्मा कपाळावर सरकवला. तळहाताने एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा झाकून पाहिलं. पुन्हा पहिला. बराच वेळ हे चाललं होतं.

"अगं, हे पाणी पांढरं आहे की पिवळं?"

"पांढरं आहे, अण्णा."

"मग हा नवा डोळा खरं सांगतोय. याने पांढरं दिसतंय, जरासं निळसरच. त्या जुन्याने बघितलं की हळदीचं बोट लागल्यासारखं दिसतं."

मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग नुसतं धूसर होत नाही, पिवळटही होत जातं. ते इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं की मधल्या दिवसांत दोन्ही डोळ्यांतला फरक लख्ख कळतो. मला ही गंमत वाटली, पण अण्णा गप्प झाले. जेवताना म्हणाले, "नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षं ओटी मी याच डोळ्यांनी वाचली असणार."

ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन. परीक्षानळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात ओटीचे थेंब टाकायचे, आणि पिवळा रंग किती चढतो ते पाहायचं. पिवळा आला म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे, पाणी प्यायला द्यायला हरकत नाही. आला नाही तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कमी पडली. खेडोपाडी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आजही हेच करतो. ज्या माणसाने गावाच्या पाण्याची जबाबदारी त्या पिवळ्या रंगावर तोलली, त्याला आता कळत होतं की आपल्या डोळ्यातच तो रंग आधीपासून मिसळलेला होता. मी म्हटलं, अण्णा, तेव्हा एवढा मोतीबिंदू नसेल. ते म्हणाले, "नसेलही. पण आता सांगणार कोण?" त्या दिवशी मी तो विषय पुढे नेला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी टाकीचा ताबा घेतला. हात पाण्यात घालायची त्यांना बंदी, म्हणून हात माझे.

आधी त्यांनी टाकीतलं पाणी एका काचेच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवायला लावलं. रात्रभर हलवायचं नाही. पांढरेपणा खडीच्या धुळीचा असेल तर सकाळी तळाशी थर बसेल. सकाळी पाहिलं तर तळ स्वच्छ आणि पाणी तसंच धूसर. "बारीक मातीसुद्धा अशी बसत नाही कधीकधी," अण्णा म्हणाले, "म्हणून तर तुरटी. पण तुझी खडी इतकी धुतलेली आहे की तिच्यात माती उरलीच नसणार. हे जिवंत आहे."

तुरटीचा विचार माझ्याही डोक्यात आलाच होता. आमच्या माहेरी पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या कळशीत आई तुरटीचा खडा दोन वेळा गोल फिरवायची, आणि तासाभरात गाळ खाली, पाणी वर. मी तसं म्हणताच अण्णांनी मला ते करूनच दाखवायला लावलं. एका काचेच्या ग्लासात टाकीचं पाणी घेतलं, तुरटी फिरवली, चमच्याने आधी जोरात आणि मग अगदी सावकाश ढवळलं. पाचेक मिनिटांत पाण्यात कापसाच्या पिंजलेल्या तुकड्यांसारखं काहीतरी दिसायला लागलं. ते एकमेकांना चिकटत मोठं झालं, जड झालं, खाली बसलं. वर पाणी अगदी नितळ. फिल्टर हाऊसवर ओळीने सहा पात्रं मांडून, प्रत्येकात वेगळी मात्रा घालून, आज किती तुरटी लागेल ते ठरवतात, त्याचंच हे घरगुती रूप. मी हरखले. टाकीत किती घालू विचारलं.

"घालायची नाही."

"का? एवढं स्वच्छ झालंय की."

"तुरटीने पाणी आंबट होतं. आम्ही चुना घालून ते सावरायचो. आणि त्यातलं ॲल्युमिनियम माशाच्या कल्ल्यांना बाधतं. माणूस ते पाणी पितो गं, त्यात राहत नाही."

हे वाक्य मी नंतर अनेक दिवस मनात घोळवलं.

त्यांच्या पिशवीत औषधांच्या डबीशेजारी ओटीची एक जुनी बाटली होती. चौदा वर्षं निवृत्त झालेला माणूस अजून ती बाळगतो, परगावी गेलं की तिथलं पाणी तपासतो, आणि कुणाला सांगत नाही. आमच्या नळाच्या पाण्यात तिचे थेंब टाकले. अण्णांनी डावा डोळा झाकून नळीकडे पाहिलं. पिवळा रंग आला. चांगला आला. पाणीपुरवठ्याच्या शेवटच्या नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिलं पाहिजे असा दंडक आहे, आणि आमच्याकडे त्याहून जास्तच येत होतं. माणसांसाठी हे उत्तम पाणी.

"फिल्टरचा स्पंज कुठे धुतेस?"

"याच नळाखाली. रोज."

अण्णा काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी ज्या औषधाने पाण्यातलं सगळं जिवंत मारलं, तेच औषध मी रोज सकाळी त्या स्पंजमधून सोडत होते. आणि टाकीला जगवणारं जे काही होतं ते नेमकं त्या स्पंजमध्ये आणि खडीवर राहायला येऊ पाहत होतं.

पुढचे काही दिवस मी रात्री जागून वाचत राहिले. बँकेत नोकरी करणाऱ्या माझ्यासारखीला जिवाणूंची माहिती कधी लागली नव्हती. आता लागली, आणि चार माशांच्या जिवावर लागली.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. उरलेलं अन्न आणि विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनियाच होतो. नदीत तो वाहून जातो, विरळ होतो. पन्नास लिटरच्या टाकीत जाणार कुठे? पाणी जितकं गरम आणि जितकं अल्कधर्मी, तितका तो जास्त विषारी. निसर्गात काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, आणि दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बरंच निरुपद्रवी असतं आणि वनस्पतींना खत म्हणून चालतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. दगडाला, वाळूला, स्पंजच्या छिद्रांना धरून राहतात आणि फार सावकाश वाढतात. एकाचे दोन व्हायला जवळजवळ दिवस लागतो. याउलट, कुजक्या अन्नावर जगणारे साधे जिवाणू तासाभराच्या आतच दुप्पट होतात. म्हणून नव्या टाकीत आधी हे घाईचे येतात, पाण्यात मोकळे तरंगतात, कोट्यवधी होतात, आणि पाणी दुधाळ दिसतं. ते स्वतः माशाला फारसं काही करत नाहीत. पण ते ऑक्सिजन ओढून घेतात. रात्रभर तोंड वर करून राहिलेला माझा गोल्डफिश भुकेला नव्हता. त्याला श्वास पुरत नव्हता.

म्हणजे पांढरं पाणी हा रोग नव्हताच. टाकी लागायला सुरुवात झाल्याची ती खूण होती, आणि मी दर वेळी ती पुसून टाकून तिला पुन्हा पहिल्या दिवसावर नेऊन ठेवत होते.

सावकाश वाढणाऱ्या त्या जिवाणूंची एक गोष्ट मला फार आवडली. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये त्यांना पहिल्यांदा वेगळं काढलं. त्याआधी ते कुणाला सापडत नव्हते, कारण प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायचे तर जिलेटिनसारखं पोषक अन्न द्यायचं, ही रीत. आणि हे त्या अन्नावर वाढेनात. विनोग्राड्स्कीने सेंद्रिय अन्न काढूनच टाकलं, सिलिका जेलवर नुसते क्षार दिले, आणि ते वाढले. त्यांना खायला घालायला गेलं की ते मिळत नाहीत! आणि आपलं हे ज्ञान अजूनही अपुरंच आहे. अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकट्याने करणारा जिवाणू असतो, हे कळायला २०१५ साल उजाडलं, आणि त्यातला एक मत्स्यपालनाच्या टाक्यांच्या गाळणीतच सापडला.

दुसरी गोष्ट लंडनची. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा रसायनशास्त्रज्ञ १८४९-५० मध्ये बारा गॅलनच्या काचेच्या भांड्यात, म्हणजे साधारण आमच्या टाकीएवढ्याच, दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरियाचं झाड ठेवून बघत होता. पाणी न बदलता मासे जगतात का, एवढाच प्रश्न. झाड ऑक्सिजन देतं, मासा झाडाला हवं ते देतो, हिशेब जुळायला हवा होता. पण व्हॅलिसनेरियाची जुनी पानं कुजायला लागली, बुळबुळीत शेवाळ धरलं, आणि पाणी गढूळ झालं. त्याच्या जागी मी असते तर भांडं धुतलं असतं. त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ खाल्लं, पाणी निवळलं, आणि त्यांची अंडी माशांना खाऊ म्हणून मिळाली. हे सगळं त्याने १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडलं. घरातल्या काचेच्या टाकीत मासे पाळण्याचा सगळा प्रपंच पुढे याच प्रयोगाच्या आधाराने उभा राहिला. म्हणजे गढूळ पाण्याचा प्रश्न या छंदाइतकाच जुना आहे, आणि त्याचं पहिलं उत्तर काहीतरी काढून टाकण्याचं नव्हतं, काहीतरी आणून सोडण्याचं होतं.

मी हे अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला प्रशिक्षणात मंद वाळू गाळणी शिकवली होती. जुनी पद्धत. तिच्यात तुरटी नसते. वाळूच्या वरच्या थरावर एक बुळबुळीत साय धरते, आणि ती सायच पाणी शुद्ध करते. नवीन वाळू भरली की काही आठवडे तिचं पाणी प्यायला सोडायचं नाही, साय धरू द्यायची. "मला तेव्हा पटलंच नव्हतं," अण्णा म्हणाले. "बुळबुळीत थर आणि त्यातून शुद्ध पाणी. आमच्याकडे जलद वाळू गाळणी, दर दिवसा-दीड दिवसाने उलट पाणी सोडून धुवायची. धुतली की समाधान वाटायचं. आपलं एकच ठरलेलं होतं, पाण्यात जिवंत काही उरता कामा नये."

ते बरोबरच होतं. कृष्णेच्या पावसाळी पाण्यातून पटकी आणि कावीळ घरोघरी जाऊ नये म्हणून ते तसंच असायला हवं होतं. पण पाणी नितळ होण्याचे दोन मार्ग असतात, हे त्या दिवशी आम्हा दोघांना टाकीसमोर बसून कळलं. एक, त्यातलं जिवंत ते सगळं काढून टाकायचं. दुसरा, त्या जिवंताला बसायला जागा द्यायची. मी दुसऱ्या प्रकारच्या पाण्याला पहिल्या प्रकारचे उपचार करत होते.

चौथ्या मजल्यावर एक काकू राहतात, त्यांची टाकी सहा वर्षांची. लेकीच्या वर्गमैत्रिणीची आजी. त्यांच्याकडे मी पहिल्यांदाच गेले. त्यांच्या टाकीतल्या दगडांवर हिरवट-तपकिरी लव होती, काचेच्या कोपऱ्यात दोन बारक्या गोगलगायी, आणि पाणी असं, की मासे हवेत तरंगताहेत की काय. माझी हकीकत ऐकून त्या उठल्या, आपल्या फिल्टरमधला एक जुना स्पंज काढला, अर्धा कात्रीने कापला, आणि टाकीतल्याच पाण्यासकट डब्यात घालून माझ्या हातात दिला. "विरजण आहे हे," त्या म्हणाल्या. "धुऊ नका. वाळू देऊ नका. अर्ध्या तासात टाकीत गेलं पाहिजे."

तो तुकडा मऊ, बुळबुळीत, गर्द तपकिरी होता. वास मात्र वाईट नव्हता. पहिल्या पावसानंतर कुंडीतल्या मातीला येतो तसा. त्यांनी सांगितलं होतं की थोडा टाकीतच पिळा, उरलेला फिल्टरमध्ये बसवा. मी टाकीवर हात धरला आणि हात पुढे जाईना. आधीच पांढरं झालेलं पाणी, त्यात हे चॉकलेटी. लहानपणापासून मी ज्याला घाण म्हणत आले ते माझ्या हाताने मी त्यात ओतायचं. लेक शेजारी उभी होती. बऱ्याच दिवसांनी ती टाकीजवळ आली होती. म्हणाली, "आई, पिळ." मी पिळला. तपकिरी ढग पाण्यात उतरला, एअर स्टोनच्या बुडबुड्यांबरोबर वर चढला, पसरला. मॉली त्या ढगातून बिनघोर पोहत गेली आणि तोंडाने त्यातलं काहीतरी टिपायला लागली.

मग आम्ही काही न करण्याचं काम सुरू केलं, आणि ते फार कठीण होतं. खायला दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि दर तिसऱ्या दिवशी उपास. एअर पंप दिवसरात्र चालू. खडीला हात लावायचा नाही. स्पंजकडे बघायचंही नाही. बादलीभर पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं, त्यात हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, दोन-तीन खडे टाकायचे म्हणजे क्लोरीन मरतं, आणि दिवसाआड टाकीतलं सात-आठ लिटर काढून तेवढंच हे घालायचं. एवढंच बदलायचं की अमोनिया विरळ होईल पण टाकीला धक्का बसणार नाही.

अण्णांनी लेकीला एक वही आणायला लावली. पट्टीने रकाने आखून घेतले, फिल्टर हाऊसच्या नोंदवहीसारखे: दिनांक, वेळ, तापमान, गढूळपणा, अमोनिया, नायट्राइट, मृत मासे, शेरा. अमोनिया आणि नायट्राइट तपासायच्या थेंबांच्या दोन किट मी मागवल्या. अमोनियाच्या किटमध्येही पिवळाच रंग, फक्त इथे पिवळा म्हणजे अमोनिया नाही, आणि जितका हिरवा तितका जास्त. पहिल्या दिवशी नळी पोपटाच्या पिसासारखी हिरवी झाली. अण्णा नव्या डोळ्याने बघायचे, लेक दोन्ही डोळ्यांनी बघायची, आणि दोघांचं एकमत झालं की तिने लिहायचं. गढूळपणाच्या रकान्यात पहिले सहा दिवस 'दुधाळ' असंच आहे. सातव्या दिवशी 'ताकासारखं, पातळ'. हा शब्द लेकीचा.

नवव्या दिवशी संध्याकाळी दिवा लावला तेव्हा मागचं निळं चित्र दिसलं. कधी निवळलं ते आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही. सकाळी नव्हतं, संध्याकाळी होतं. लेकीने गढूळपणाच्या रकान्यात काय लिहू विचारलं. अण्णांनी कचेरीचा शब्द सांगितला, "निरंक लिही." तिला तो इतका आवडला की त्या आठवड्यात तिच्या डब्यातली भाजीसुद्धा निरंक होऊन यायला लागली.

त्या दिवशी मला वाटलं, संपलं. अण्णा म्हणाले, पाणी स्वच्छ दिसतं म्हणून प्यायला दिलं, असं आमच्याकडे कधी होत नसे. विहिरीचं पाणी आरशासारखं असतं आणि गावात पटकी असते. त्यांचं खरं निघालं. पाणी नितळ झाल्यानंतरच्या दोन आठवड्यांत नायट्राइट चढत गेलं, किटची नळी जांभळट व्हायला लागली. नायट्राइट माशाच्या रक्तातच शिरतं, रक्ताला ऑक्सिजन धरू देत नाही, रक्त तपकिरी पडतं. काचेपलीकडे सगळं सुंदर दिसत होतं आणि आत विष होतं. तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी पन्नास लिटरला एक छोटा चमचा खडे मीठ घालायला सांगितलं. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पांढऱ्या पाण्याला मी घाबरले, धावाधाव केली. खरी भीती बाळगायची वेळ ही होती, आणि तेव्हा मला वहीतल्या रकान्याशिवाय सांगणारं काही नव्हतं. ज्यांची टाकी नवी आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: सजावटीच्या किल्ल्यावर आणि रंगीत खडीवर जो खर्च करता, त्याआधी या दोन किट घ्या.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. मृत माशांच्या रकान्यात वही सुरू झाल्यापासून एकही आकडा नाही. मधल्या काळात अण्णांचा डावा डोळाही झाला. पट्टी निघाल्यावर ते टाकीसमोर येऊन बसले आणि सवयीने एक डोळा झाकला, मग दुसरा. "दोन्हीकडून सारखंच," म्हणाले, आणि ओटीची बाटली मागून घेतली. नळाचं पाणी पुन्हा एकदा तपासलं. तो पिवळा त्यांनी खूप वेळ पाहिला. काय वाटलं ते मी विचारलं नाही.

पुढे पाण्याने आणखी रंग दाखवले. पौष-माघात सूर्य दक्षिणेला कलला आणि ऊन थेट हॉलच्या खिडकीतून टाकीवर यायला लागलं, तेव्हा पाणी मुगाच्या कढणासारखं हिरवं झालं. ते तरंगणारं शेवाळ. जुनी सोलापुरी चादर टाकीवर तीन दिवस घातली, माशांना उपास, आणि नंतर खिडकीला पडदा लावला. सजावटीसाठी घेतलेल्या लाकडाने पाणी कोऱ्या चहासारखं केलं. त्याला मी काही केलं नाही, मासे त्यात खूशच होते. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ येतं तेव्हा नळाला क्लोरीनचा वास वाढतो, मग हायपोचे खडेही थोडे जास्त. व्हॅलिसनेरियाबरोबर दोन बारक्या गोगलगायी आल्या, त्या मी काढल्या नाहीत. स्पंज महिन्यातून एकदा धुते, टाकीतून काढलेल्या पाण्यात, नुसता दोन वेळा दाबून. तो तपकिरीच राहतो.

अण्णा गावी परतले. दर रविवारी फोन येतो. "पाणी कसं आहे?" हा पहिला प्रश्न, आणि तो टाकीबद्दलच असतो. लेक वही घेऊन बसते आणि आठवड्याचे आकडे वाचून दाखवते. मागच्या रविवारी मात्र फोन तिनेच लावला. त्या दिवशी पहाटे व्हॅलिसनेरियाच्या पानांमागे, पृष्ठभागाच्या अगदी खाली, तिला काळे ठिपके हलताना दिसले होते. तांदळाच्या दाण्याएवढे, नुसते डोळे आणि शेपूट. मॉलीची पिल्लं. नऊ मोजली, मग अकरा, मग पुन्हा नऊ.

"आजोबा, हे कुठल्या रकान्यात लिहू? मृत मासे आहे, जन्म नाहीच आहे."

पलीकडे अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. फिल्टर हाऊसच्या वहीत तसा रकाना कधी लागला नव्हता.

"पट्टी घे," ते म्हणाले. "शेऱ्याच्या आधी जागा आहे ना? तिथे आख."